देवळातली कला आणि संग्रहालयातला देव

युरोपात हिंडणाऱ्या आपल्या माणसाची एक गंमत होते. सकाळी तो एखाद्या जुन्या चर्चमध्ये शिरतो, आणि आत मेणबत्त्यांच्या उजेडात मेरीमातेचे चित्र दिसले की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. सवयीने हात जोडले जातात, बूट काढावेत की काय असा विचारही मनाला चाटून जातो. दुपारी तोच माणूस तिकीट काढून संग्रहालयात जातो. तिथे तीच मेरीमाता, बहुधा अधिक जुनी आणि अधिक सुंदर, भिंतीवर टांगलेली असते. पण आता हे गृहस्थ हात मागे बांधून, मान तिरकी करून, रंग उडाला आहे की काय ते पाहात उभे असतात. चित्र तेच, माणूस तोच. मध्ये फरक पडला तो फक्त जागेचा.

हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही. त्याच्यावरून न्यायालयांत दावे चालले आहेत, सरकारांनी एकमेकांना पत्रे लिहिली आहेत, आणि देवळांच्या कड्याकुलपे फोडलीही गेली आहेत. प्रवासात पाहिलेल्या काही शहरांविषयी मी बोलणार आहे ते या एकाच अंगाने. सगळी शहरे सगळ्या बाजूंनी सांगू लागलो तर ते प्रवाशांचे माहितीपुस्तक होईल, आणि तशी पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत.

फ्लॉरेन्सपासून सुरुवात करू. तिथल्या जगप्रसिद्ध चित्रसंग्रहाचे नाव उफीत्सी. या शब्दाचा अर्थ कचेऱ्या. मेदिची घराण्यातल्या कोसिमो पहिला या ड्यूकने आपला कारभार एका छपराखाली आणण्यासाठी १५६० साली हे बांधकाम सुरू केले. काम व्हासारीकडे होते, जो चित्रकार, वास्तुकार आणि कलावंतांचा चरित्रकार असा तिन्ही होता. पुढे कचेऱ्या गेल्या आणि चित्रे राहिली. या संग्रहालयाच्या आरंभी मेरीमातेची तीन प्रचंड चित्रे जवळजवळ ठेवलेली आहेत: एक चिमाबुएचे, एक दूच्चोचे आणि एक जॉत्तोचे. तिन्हींत मेरी सिंहासनावर बसलेली, मांडीवर बाळ येशू, बाजूंना देवदूत आणि मागे सोन्याचा मुलामा. आपल्याकडे पंचायतन जसे ठराविक, तसा हा विषय तिकडे ठराविक.

यांतले दूच्चोचे चित्र साडेचार मीटर उंच आहे. ते रंगवून घेतले कोणी? सांता मारिया नॉव्हेल्ला या चर्चमधल्या एका मंडळीने. मेरीची स्तोत्रे एकत्र जमून गाणारी गावातली साधी माणसे होती ती. आपल्या भाषेत सांगायचे तर भजनी मंडळ. १२८५ साली या मंडळाने चित्रकाराशी केलेला करार आजही उपलब्ध आहे, आणि तो वाचून मजा वाटते. चित्र सुंदर व्हायला पाहिजे; मंडळाच्या मनास न आल्यास पैसे देण्याचे बंधन नाही, चित्रकाराने आपले चित्र आपल्यापाशी ठेवावे! भक्ती खरी, पण व्यवहारही चोख. ही माणसे ‘कलेचे आश्रयदाते’ वगैरे नव्हती. त्यांना संध्याकाळी ज्याच्यासमोर उभे राहून गाता येईल असे एक चित्र हवे होते.

ते गाणे आता नाही. चित्र मात्र सपाट, सारख्या उजेडात आहे. सोन्याची पार्श्वभूमी ही हलत्या ज्योतींसाठी केलेली असते. ज्योत हलली की सोने हलते आणि पुढची आकृती जिवंत झाल्यासारखी भासते. विजेच्या स्थिर दिव्याखाली तेच सोने पितळी पत्र्यासारखे निपचित पडते. हे नुकसान मोठे आहे. परंतु दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. ही तीन चित्रे तीन वेगवेगळ्या चर्चमधली. ती जवळजवळ आली म्हणूनच मला कळले की चिमाबुएची मेरी सिंहासनावर तरंगते आणि जॉत्तोची मेरी खरोखर बसते. तिच्या वस्त्राखाली गुडघे आहेत, अंगाला वजन आहे. या दोन चित्रांमध्ये फार तर पंधरावीस वर्षांचे अंतर असेल. पण त्या अवधीत युरोपच्या चित्रकलेने माणसाला जमिनीवर आणून बसवले. हा धडा तीन चर्चमध्ये तीन वेळा गुडघे टेकून मिळाला नसता.

आणि ही संपत्ती फ्लॉरेन्समध्येच राहिली याचे श्रेय एका बाईचे आहे. मेदिची घराण्याचा वंश खुंटला तेव्हा शेवटची वारस आना मारिया लुइसा हिने १७३७ साली नव्या राजघराण्याशी करार केला: पिढ्यानपिढ्यांचा सारा कलासंग्रह राज्याला देते, मात्र त्यातली एकही वस्तू शहराबाहेर जाता कामा नये. राज्याची शोभा, लोकांचा उपयोग आणि परक्यांचे कुतूहल, ही तीन कारणे तिने त्यात नमूद करून ठेवली. परक्यांचे कुतूहल! आज त्या दारापुढे लागणाऱ्या रांगा पाहिल्या म्हणजे या बाईच्या दूरदृष्टीला दाद द्यावीशी वाटते. घराणी बुडताना त्यांच्या वस्तूंचे काय होते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

फ्लॉरेन्समध्येच याच्या अगदी उलट अनुभव देणारी एक जागा आहे. सान मार्को हा डॉमिनिकन पंथाच्या साधूंचा मठ. इथे फ्रा आंजेलिको या त्याच पंथातल्या साधूने पंधराव्या शतकात, साधारण १४३८ नंतरच्या काही वर्षांत, आपल्या साहाय्यकांसह साधूंच्या चाळीसहून अधिक खोल्या रंगवल्या. एक खोली, एक लहान खिडकी आणि एक चित्र. दुसरे काही नाही. रंगही मोजके. हे चित्र जगाने पाहण्यासाठी नव्हते. त्या खोलीत राहणाऱ्या एका माणसाने जन्मभर पाहण्यासाठी होते. जिन्याच्या माथ्यावर मेरीला देवदूत शुभवार्ता सांगतो आहे असे मोठे चित्र आहे, आणि त्याखाली अक्षरे आहेत: इथून जाताना मेरीला वंदन करायला चुकू नका. ओल्या गिलाव्यावर काढलेली ही चित्रे भिंतीचाच भाग असल्यामुळे ती उचलून नेता आली नाहीत. म्हणून १८६९ साली उलटा उपाय झाला, आणि मठाचेच संग्रहालय केले. साव्होनारोला, ज्याने १४९७ साली फ्लॉरेन्सच्या चौकात लोकांच्या चैनीच्या वस्तूंची होळी केली आणि पुढच्याच वर्षी ज्याला त्याच चौकात फाशी देऊन जाळले, त्याची खोलीही इथेच. साधू गेले, प्रवासी आले. पण त्या खोल्यांच्या दारात प्रवासीदेखील हळू बोलतात. जागा बदललेली नाही, त्याचा हा परिणाम असावा.

मग सगळी चित्रे जिथल्या तिथे ठेवावीत काय? तसे म्हणावे तर ४ नोव्हेंबर १९६६ आठवतो. त्या दिवशी आर्नो नदीचा पूर शहरात शिरला. सांता क्रोचे चर्चच्या आवारात चिमाबुएने रंगवलेला चार मीटरहून उंच लाकडी क्रूस होता. चिखलतेलाच्या पाण्यात तो बुडाला आणि त्यावरचा सुमारे साठ टक्के रंग पाण्याबरोबर गेला. सातशे वर्षे टिकलेली वस्तू एका दिवसात अर्ध्याहून अधिक नाहीशी झाली.

पाणी तर एका दिवसात नेते. भक्ती हळूहळू नेते. रोमला सेंट पीटरच्या महामंदिरात त्या संताची बसलेली ब्राँझची मूर्ती आहे. शतकानुशतके यात्रेकरूंनी तिच्या पुढे आलेल्या उजव्या पायाला ओठ लावले, हात लावले. आता त्या पायाची बोटे झिजून गुळगुळीत गोळा झाला आहे. पदस्पर्शदर्शन हा शब्द ज्यांच्या भाषेत आहे त्यांना याचे नवल वाटू नये. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची झीज रोखण्यासाठी तिच्यावर गेल्या काही दशकांत अनेकदा रासायनिक लेप द्यावा लागला, २०२० सालीही दिला. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर २०१५ मध्ये संवर्धनाचे काम झाले. पाय झिजला म्हणून हळहळणारा पुराणवस्तूंचा अभ्यासक आणि पाय झिजवणारा वारकरी, हे दोघेही त्या मूर्तीवर प्रेमच करीत असतात. पण एकाचे प्रेम फळाला येण्यासाठी दुसऱ्याला थोडे आवरते घ्यावे लागते.

या साऱ्यावरून माझ्यापुरता मी एक निकष केला आहे. एखाद्या पवित्र वस्तूला हाक मारणारे कोणी उरले आहे की नाही, हे आधी पाहावे. दूच्चोच्या मेरीपुढे गाणारे मंडळ आज तिला परत मागत नाही. तिने संग्रहालयात राहण्यात कोणाचे काही गेलेले नाही. हाक मारणारे असतील तर मात्र काचेच्या कपाटाचा हक्क दुय्यम. निकष सोपा आहे. पण हाक मारणारे दोन असले म्हणजे?

त्याचे उत्तर शोधायला इस्तंबूलला जावे लागते, आणि वाटेत व्हेनिस लागते. सेंट मार्कच्या चर्चच्या दर्शनी भागावर ब्राँझचे चार घोडे उभे आहेत. ते नकला आहेत; अस्सल घोडे आत, हवापाण्यापासून सुरक्षित ठेवले आहेत. हे घोडे मुळात कॉन्स्टँटिनोपलचे. १२०४ साली धर्मयुद्धासाठी म्हणून निघालेल्या पश्चिमेकडच्या ख्रिस्ती फौजांनी जेरुसलेम सोडून ख्रिस्त्यांचेच कॉन्स्टँटिनोपल लुटले, त्या लुटीत ते व्हेनिसला आले. १७९७ साली नेपोलियनने व्हेनिस लुटले तेव्हा ते पॅरिसला गेले, आणि १८१५ साली परत आले. परत म्हणजे व्हेनिसला! मूळच्या शहराचे नाव त्या वाटाघाटींत कोणी काढले नाही.

त्या मूळच्या शहरात, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, हागिया सोफिया आहे. नावाचा अर्थ ‘पवित्र प्रज्ञा’. जस्टिनियन सम्राटाने ५३२ साली बांधायला घेतले आणि सहा वर्षांच्या आत, ५३७ साली, पुरे केले. अँथेमियस आणि इसिडोर हे त्याचे रचनाकार. चौकोनी जागेवर गोल घुमट बसवायचा कसा, हा वास्तुशास्त्रातला अवघड प्रश्न. विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्यांना तो परिचयाचा आहे. हागिया सोफियात चार कोपऱ्यांवर चार वक्र त्रिकोण उभारून तो चौकोन वर वर्तुळात मिळवला आहे, आणि तो विजापूरच्या अकराशे वर्षे आधी. पहिला घुमट ५५८ साली कोसळला. तो पुन्हा अधिक उंच करून बांधला. व्यास सुमारे एकतीस मीटर, उंची जमिनीपासून पंचावन्न मीटर. परंतु आत उभे राहिल्यावर हे आकडे आठवत नाहीत. घुमटाच्या पायथ्याशी चाळीस खिडक्यांची माळ आहे. त्यांतून येणारा उजेड घुमटाला खालच्या भिंतींपासून जणू वेगळा काढतो. विजापूरचा घुमट आपल्या डोक्यावर बसलेला आहे हे क्षणभरही विसरता येत नाही. हा मात्र टांगलेला वाटतो, आणि कशाला टांगला आहे ते दिसत नाही.

नऊशेहून अधिक वर्षे हे पूर्वेकडच्या ख्रिस्ती जगाचे मुख्य देवालय होते. १४५३ च्या मे महिन्यात दुसऱ्या मेहमेद सुलतानाने शहर घेतले आणि ती मशीद झाली. पाडली नाही, हे ध्यानात घ्यावे. भिंतींवरच्या काचतुकड्यांच्या चित्रांना हळूहळू चुन्याचा गिलावा चढला. चर्चचा मुख्य कोनाडा मक्केच्या नेमक्या दिशेला नसल्यामुळे नमाजाची दिशा दाखवणारा मिहराब किंचित उजवीकडे सरकवून बसवलेला आहे. आत गेल्यावर सगळी इमारत एका दिशेला पाहते आणि गालिच्यांच्या ओळी जराशा दुसरीकडे, असे दिसते. दोन धर्मांतले अंतर त्या वास्तूत काही अंशांच्या कोनात मोजता येते!

१८४७ ते १८४९ या काळात सुलतान अब्दुल मजीदने फोसाती या बंधूंकडून इमारतीची दुरुस्ती करवली. गिलाव्याखालची चित्रे तेव्हा बाहेर आली. त्यांनी ती पाहिली, त्यांची रेखाटने केली आणि पुन्हा झाकली. १९३१ साली व्हिटमोर या अमेरिकन संशोधकाने ती कायमची उघडी करण्याचे काम सुरू केले. अतातुर्कच्या सरकारने १९३४ च्या नोव्हेंबरात तिचे संग्रहालय करण्याचा ठराव केला, आणि १९३५ पासून तिथे ना प्रार्थना, ना नमाज, फक्त तिकीट, अशी पंचाऐंशी वर्षे गेली. २०२० च्या जुलैत तुर्कस्तानच्या न्यायालयाने तो ठराव रद्द केला. त्याच महिन्यात तिथे पुन्हा नमाज झाला. खालच्या संगमरवरी फरशीवर गालिचे आले, कोनाड्यातल्या मेरीपुढे पडदे आले. २०२४ पासून परदेशी प्रवाशांना पैसे भरून वरच्या सज्ज्यांतून पाहावे लागते.

वरच्या दक्षिण सज्ज्यात ख्रिस्ताचे एक चित्र आहे, तेराव्या शतकातले. खालचा बराच भाग नाहीसा झाला आहे. चेहरा शाबूत आहे. लक्षावधी इवल्या तुकड्यांतून इतका दमलेला आणि इतका दयाळू चेहरा कसा घडवता आला असेल, याचा विचार करीत मी तिथे बराच वेळ उभा होतो. त्या वेळी खालून अजान ऐकू आली. संग्रहालय म्हणून ही वास्तू सगळ्यांची होती हे खरे. पण संग्रहालय म्हणून ती मुकीही होती. आज ती मुकी नाही, पण सगळ्यांचीही नाही. ग्रीकांना जाऊन विचारा, ते १४५३ काल घडल्यासारखे सांगतील. या प्रश्नावर दोन्ही पक्षांना पटेल असे उत्तर मला सापडलेले नाही. विचारल्यास मी १९३५ च्या बाजूने मत देईन. ते मुकेपण मला पत्करते. हाका दोन असतील तर कोणाचीच हाक न ऐकू येणे हा कमी अन्याय होय.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवावी: ज्या गिलाव्याने ती चित्रे झाकली, त्याच गिलाव्याने ती धूर, धक्के आणि हात यांपासून कित्येक पिढ्या जपली. झाकणाऱ्यांचा तसा हेतू असो वा नसो.

व्हिटमोरने इस्तंबूलमध्ये काम सुरू केले त्याच १९३१ साली आपल्याकडे तंजावरला असाच प्रकार घडत होता. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरे केलेल्या बृहदीश्वराच्या मंदिरात, गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात नायक राजांच्या काळची सतराव्या शतकातली चित्रे होती. त्यांचा थर एके ठिकाणी सुटला, आणि एस. के. गोविंदस्वामी यांना खाली आणखी एक थर दिसला: मूळची चोळकालीन चित्रे. हत्तीवरून कैलासाला निघालेला सुंदरर हा शिवभक्त, त्रिपुरांशी लढणारा शिव, चिदंबरमच्या नटराजाला वंदन करणारा राजा. खालचे दाखवावे तर वरचे खरवडावे लागणार, असा पेच होता. पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी वरचा थर अलगद सोडवून फायबरग्लासच्या फळ्यांवर चढवला, आणि दोन्ही वाचवले. हे काम आपल्या माणसांनी आपल्या देशात केले, आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ते माहीत आहे.

तंजावर मराठी माणसाने पाहावे ते एरवीही. १६७० च्या दशकात शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी तिथे राज्य स्थापले. देवळाच्या प्राकाराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तमिळ भाविक त्या भिंतीशेजारून जातात, आणि मराठी प्रवासी एखादा येतो तो कळसाचे छायाचित्र काढून परततो. मूळच्या चोळ शिलालेखांत तर साऱ्या देवळाचा हिशेब आहे: देवाला दिलेल्या धातूच्या मूर्ती किती उंचीच्या, दागिने किती वजनाचे, चारशे देवदासींची नावे काय आणि त्या कोणत्या रस्त्यावर राहतात.

त्या यादीतल्या मूर्तींपैकी फारच थोड्या आज देवळात आहेत. पण चोळांच्या ब्राँझमूर्ती पाहायच्या तर शहरातल्या जुन्या राजवाड्यात जावे. तिथे १९५१ पासून कलादालन आहे. तिरुवेंकाडू येथे जमिनीखाली सापडलेली १०११ सालची वृषभवाहन शिवाची मूर्ती तिथे उभी आहे. केसांना सर्पांचा फेटा, एक पाय सहज दुमडून दुसऱ्यावर टेकलेला, आणि उजवा हात नंदीच्या पाठीवर रेललेला. नंदी मात्र नाही. तो कधीच हरवला. हात हवेवर विसावला आहे, आणि तरी त्या हाताखाली नंदीचा उबदार भार असल्याचे जाणवते. अशी मूर्ती मेणाची घडवून, तिच्यावर माती लिंपून, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओततात. मग साचा फोडावा लागतो, म्हणून दुसरी तशीच कधी होत नाही.

आता या मूर्तीच्या पीठाकडे पाहावे. त्याला भोके आहेत. त्यांतून दांडे घालून देव खांद्यावर घेत आणि मिरवणुकीला नेत. गाभाऱ्यातला देव दगडाचा, तो हलत नाही; गावात हिंडतो तो हा, आपल्या पालखीतल्या पादुकांसारखा. मिरवणुकीत तो रेशमी वस्त्रांनी, फुलांनी आणि दागिन्यांनी इतका झाकलेला असे की लोकांना दिसे तो फक्त चेहरा. म्हणजे ज्या खांद्याच्या उताराने आणि कमरेच्या वळणाने आपण कलादालनात थक्क होतो, ते हजार वर्षे पूजणाऱ्यांनी क्वचितच पाहिले. आणि त्यांनी जे पाहिले ते आपल्याला त्या दालनात दिसत नाही.

या मूर्तींना जगाच्या बाजारात भाव आला आणि चोर देवळांकडे वळले. तमिळनाडूतल्या पत्तूर गावी १९७६ साली एका मजुराला जमिनीत नटराज सापडला. हातोहाती तो लंडनला पोहोचला. दावा उभा राहिला. पत्तूरचे देऊळ कित्येक शतके पडके होते, पण शिवलिंग जागेवर होते. पडके देऊळही आपला देव मागू शकते काय? १९९१ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने मान्य केले की ते देवस्थान फिर्याद करू शकते, आणि नटराज परत आला. श्रीपुरंदान या गावच्या देवळातून चोरलेला दुसरा एक नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ साली विकत घेतला होता. २०१४ च्या सप्टेंबरात त्या देशाच्या पंतप्रधानांनी दिल्लीला येऊन तो भारताच्या पंतप्रधानांच्या स्वाधीन केला.

परत आलेल्या मूर्ती थेट गावी जातात असे मात्र नाही. लहान गावाच्या देवळाला ना पहारा, ना मजबूत दार. म्हणून तमिळनाडू सरकारने कुंभकोणमसारख्या ठिकाणी मूर्तींसाठी सुरक्षित केंद्रे केली आहेत. तिथे शेकडो देव ओळीने, कडीकुलपात उभे आहेत. ते संग्रहालय नव्हे, कारण पाहायला कोणाला सोडत नाहीत; देऊळही नव्हे. उत्सव आला की त्या त्या गावचे लोक अर्ज करतात, परवानगी घेतात, पहाऱ्यात आपला देव नेतात, त्याला स्नान घालतात, नटवतात, मिरवतात. उत्सव आटोपला की यादीत सही करून तो पुन्हा केंद्रात जमा करतात.